गोल्फ कोर्सपण हिरवाच असतो ना?

आमच्या फ्रिजवर दुधाच्या हिशोबाशेजारी भरती-ओहोटीचा तक्ता चिकटवलेला असतो. माहेर माझं लोणंदजवळचं, खाडी हा शब्द शाळेत भूगोलाच्या पुस्तकातच भेटलेला, पण नवी मुंबईत नेरुळला राहायला येऊन आता सव्वीस वर्षं झाली आणि हिवाळ्यात सकाळी चहा ठेवला की मी पहिलं बघते ते आज भरती किती वाजता आहे. कारण ठाण्याच्या खाडीत ओहोटीला जो चिखल उघडा पडतो त्यावर फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, चरतात, भरती चढली की तो चिखल पाण्याखाली जातो, त्यांना पाय टेकायला जागा उरत नाही, मग ते थव्याथव्याने उठतात आणि सीवूड्सच्या आमच्या तलावांवर येऊन उभे राहतात, खाडीतलं पाणी उतरेपर्यंत. एनआरआय कॉम्प्लेक्सच्या मागची पाणथळ, टी. एस. चाणक्य या मरीन कॉलेजजवळची पाणथळ आणि डीपीएस शाळेजवळचा तो डीपीएस तलाव. पालखीला वाटेत विसावा लागतो ना, तसा हा त्यांचा विसावा आहे.

आज हे सगळं लिहायला बसले कारण परवा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे काका भेटले. आमच्या ग्रुपवर पुन्हा मानवी साखळीचा मेसेज फिरला होता तो त्यांनी वाचला होता. म्हणाले, "ताई, एक विचारू का, तुम्ही सगळे एवढा विरोध करता त्या गोल्फ कोर्सला, पण गोल्फ कोर्सपण हिरवाच असतो ना? आत्ता तिथे नुसता चिखल आहे, वास येतो, डास होतात. लॉन झालं, क्लब झाला तर आपल्याच एरियाचं नाव होईल, फ्लॅटचे रेट वाढतील." काका वाईट मनाने बोलले नाहीत. चांगला माणूस आहे, लॉकडाऊनमध्ये आख्ख्या बिल्डिंगची औषधं आणून द्यायचे. पण माझा मजला आला, दार उघडलं आणि मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही, आणि ते मला दोन दिवस टोचत राहिलंय. म्हणून काका, हे तुमच्यासाठी, आणि असंच वाटणाऱ्या सगळ्यांसाठी.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या पाणथळींवर गोल्फ कोर्स आणि राहायचे टॉवर असा प्रोजेक्ट ठरला होता. आपल्यासारख्याच इथल्या लोकांनी हायकोर्टात जनहित याचिका केली २०१३ मध्ये, आणि १ नोव्हेंबर २०१८ ला हायकोर्टाने निकाल दिला, त्या प्रोजेक्टसाठी जमिनीच्या वापरात केलेला बदल रद्द केला. दिवाळी आठवड्यावर आली होती, माझे हात चकलीच्या भाजणीत होते आणि मुलीने मोठ्याने बातमी वाचून दाखवली, ते मी कधी विसरणार नाही. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. आणि आपल्याला वाटलं आता निवांत, तर २०२४ मध्ये शहराच्या विकास आराखड्याच्या मसुद्यात याच जागा राहायच्या वापरासाठी दाखवल्याच्या बातम्या आल्या, की पुन्हा बोर्ड रंगवा, पुन्हा रविवारी पाम बीच रोडला उभे रहा.

आता हिरव्याचं. काका, मलाही आधी असंच वाटायचं की हिरवं म्हणजे चांगलं आणि चिखल म्हणजे घाण. पण तुम्ही एकदा जानेवारीत भरतीच्या वेळी माझ्याबरोबर या आणि अर्धा तास नुसतं उभं राहून बघा. पाणी जेमतेम गुडघाभर, रोहितच्या गुडघ्याएवढं म्हणते मी. पक्षी मान खाली घालतो आणि चोच पाण्यात उलटी धरतो, वरचा भाग खाली, आणि जिभेने पाणी आत ओढून बाहेर टाकत राहतो, चोचीला आतून चाळणीसारखे दाते असतात त्यात शेवाळ नि बारीक जीव अडकतात. छोट्या रोहितची चोच गडद, जवळजवळ काळपट लाल, मोठ्या रोहितची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी, हे एकदा कळलं की लांबूनही ओळखता येतात. मोठे कधीकधी एकाच जागी पाय आपटत गोल फिरतात, चिखल ढवळला जातो आणि ओहोटीला खाडीच्या चिखलात त्याचे गोल ठसे दिसतात, आपण मेदूवड्याला मध्ये भोक पाडतो ना, तसे. आणि आवाज! फोटोत आवाज येत नाही म्हणून लोकांना वाटतं ते शांत उभे असतात. लग्नाच्या हॉलच्या बाहेर उभं राहिलं की आतल्या पंगतीचा कसा एकसारखा गलका ऐकू येतो, तसा तो हजार जणांचा हळू आवाज चालूच असतो.

हे सगळं त्या चिखलामुळे आहे. गोल्फचं लॉन त्या चिखलावर होत नाही, आधी भराव टाकावा लागतो, ट्रकच्या ट्रक डेब्रिज आणि माती, पाणी यायची वाट बंद करावी लागते, खारं पाणी हटवावं लागतं, मग वरून गोडी माती, मग गवत, मग त्या गवताला रोज गोडं पाणी, खत, फवारणी. दिसायला हिरवं होईल, खरंय. पण तो हिरवा रंग असेल कुठल्याही हॉटेलच्या आवारात असतो तसा, आणि त्यावर एकही रोहित उतरणार नाही कारण त्याला खायला तिथे काही नसेल. खारघरला सिडकोचा, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेचा, गोल्फ कोर्स आहेच, ज्यांना खेळायचं त्यांनी अर्ध्या तासात तिथे जावं. रोहितला दुसरीकडे जा सांगता येत नाही, त्याला भरतीच्या त्या चार-पाच तासांत खाडीच्या जवळच पाणी हवं.

"पण वर्षातले निम्मे महिने तर पक्षी नसतातच, जागा रिकामी पडून असते," हेपण ऐकते मी नेहमी. यावर मला माझ्या गावाकडची गोष्ट सांगायचीय. लोणंदला माऊलींची पालखी मुक्कामाला येते. वर्षातले एक-दोन दिवस. बाकी वर्षभर पालखीतळ रिकामाच असतो, पोरं क्रिकेट खेळतात, शेळ्या चरतात. म्हणून कुणी म्हणतं का की ही जागा वाया चाललीय, इथे मेंबरशिपवाला क्लब काढू, पालखी आली की बघू? कुणाच्या मनातही येणार नाही. कारण आषाढीच्या आधी ती जागा मोकळी नसली तर लाखो माणसं रात्रीची टेकणार कुठे? जागेची किंमत ती रोज किती वापरली जाते यावर ठरत नसते, ज्या दिवशी लागते त्या दिवशी ती तिथे असली पाहिजे. रोहित नोव्हेंबर-डिसेंबरपासून येतात आणि मे-जूनपर्यंत असतात, म्हणजे पालखीपेक्षा कितीतरी जास्त दिवस.

आणि पाऊस विसरू नका. ज्यांनी २६ जुलै २००५ बघितलाय, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, त्यांना मी वेगळं काय सांगू. आपलं शहर खाडीकाठच्या सखल जमिनीवर, भराव टाकून उभं केलंय, म्हणून सिडकोने सुरुवातीपासून होल्डिंग पॉंड ठेवले, भरतीच्या वेळी पाऊस पडला तर पाणी तिथे थांबावं आणि ओहोटीला खाडीत जावं. आपण ज्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत वॉकला जातो तोपण होल्डिंग पॉंडच आहे मुळात. मोकळ्या पाणथळी भरून टाकल्या की ते पाणी कुठे जाणार? सेक्टरमधे, आपल्या पार्किंगमधे.

२०२४ चा उन्हाळा मात्र मला आठवला की अजून घशात अडकतं. डीपीएस तलावात खाडीचं पाणी यायच्या वाटा बुजल्या होत्या. तलाव सुकत गेला. मी रोज बघत होते, आधी कडा पांढऱ्या झाल्या मिठाने, मग मधे भेगा, आणि पक्षी येत होते तरीही! सवयीने येत होते, वरून दोन घिरट्या घालायचे, काही उतरायचे, उरलेल्या डबक्याभोवती दाटीवाटीने उभे राहायचे, मोकाट कुत्री मागे. एप्रिल-मेमधे एकामागून एक मेलेले, जखमी पक्षी सापडायला लागले. एका सकाळी वॉकिंग ट्रॅकच्या खालच्या बाजूला एक पिल्लू, म्हणजे यंदाचंच असावं, अजून गुलाबी झालं नव्हतं, राखाडी रंगाचं, पाय एकमेकांत अडकून पडलेलं होतं. आमच्या वॉकिंग ग्रुपमधल्या एका आजोबांनी स्वतःचा नॅपकिन त्याच्यावर टाकला आणि वनविभागाची गाडी येईपर्यंत कुत्री हाकलत तिथेच उभे राहिले, उन्हात, पाऊण तास. ते आजोबा बोर्ड धरून घोषणा वगैरे देणाऱ्यातले नव्हते. पुढच्या रविवारी मात्र साखळीत आले.

तेव्हाच करावे गावातले एक मामा भेटले. आगरी माणूस, सत्तरीचे असतील, अंगाने काटक. आम्ही सगळे तिथे पाइप कुठे आहे, नाला कुठे आहे करत मोबाइलवर मॅप बघत होतो, आणि मामांनी लांबूनच काठीने दाखवलं. "हितून यायचं पानी. उघाडी व्हती हितं. पानी येवाची वाट बुजवली का तलाव मेला, त्याला आनखीन काय शिकाचं?" मग बसले आमच्यात आणि सांगायला लागले, इथे मिठागरं कुठपर्यंत होती, उधाणाच्या भरतीला पाणी कुठे चढायचं, निवट्या आणि चिंबोऱ्या कशा पकडायचे, कोणत्या महिन्यात कोलंबी. मॅपवर जे आम्हाला निळा-हिरवा डाग म्हणून दिसत होतं ते त्यांना इंचाइंचाने पाठ होतं.

आणि मामांनी एक गोष्ट सांगितली जी मला वाटतं या सगळ्या विषयाचा गाभा आहे. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. १९८४ च्या जानेवारीत उरणकडे जासई-नवघरला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, तेव्हा कुठे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचा मार्ग निघाला. मामा म्हणाले, आमच्या बापजाद्यांची जमीन, मिठागर, खाडी घेतली ती "लोकांचे कामासाठी" म्हणून घेतली. शाळा झाल्या, स्टेशन झालं, दवाखाना झाला, आम्ही गप्प बसलो. आता त्याच जागेवर कुंपण घालून आत फक्त मेंबर जाणार, आणि गेटवर आमचाच नातू वॉचमन म्हणून उभा राहणार, हे कसलं लोकांचं काम?

मी यावर खूप विचार केला. आपण फ्लॅटवाले पक्ष्यांबद्दल बोलतो, मामा जमिनीबद्दल बोलतात, पण मुद्दा एकच आहे. ही जागा सगळ्यांच्या नावाने घेतलीय तर ती सगळ्यांचीच राहिली पाहिजे. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये हिमाचलच्या बियास नदीकाठच्या एका मोटेलच्या केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय की नद्या, किनारे, जंगलं यांचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. देवस्थानाचा विश्वस्त देवाची जमीन मेव्हण्याला लिहून देऊ शकतो का? गाव त्याला उभं करणार नाही. मग इथे का चालवून घ्यायचं?

क्लब म्हणजे नक्की काय होतं ते आपल्याला शेजारी मुंबईत बघायला मिळालंय. महापालिकेने केअरटेकर पॉलिसीखाली मोकळ्या जागा खासगी संस्थांना सांभाळायला म्हणून दिल्या, आणि काही ठिकाणी क्लब, जिमखाने उभे राहिले, जिथे सामान्य माणूस आत जाऊ शकत नाही. जानेवारी २०१६ मध्ये अशा जागा दत्तक द्यायची नवीन पॉलिसी आली तेव्हा लोकांनी एवढा आवाज केला की तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीस यांनी तिला स्थगिती दिली. आणि पवई तलावाभोवतीचा सायकल ट्रॅक, तो तर क्लबही नव्हता, सगळ्यांसाठी म्हणून बांधत होते, तरी ६ मे २०२२ ला हायकोर्टाने बेकायदा ठरवला आणि काढून टाकून जागा पूर्ववत करायला सांगितलं, कारण पाणथळीत भराव. म्हणजे चांगल्या कामासाठीसुद्धा पाणथळ भरता येत नाही तर क्लबसाठी कशी भरता येईल?

घरांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. लोकांना घरं पाहिजेत, माझा भाऊ स्वतः अजून भाड्याने राहतो आणि हप्त्याचं गणित जुळत नाही म्हणून थांबलाय. पण खाडीला तोंड करून, गोल्फ कोर्सच्या व्ह्यूचे टॉवर माझ्या भावासाठी नसतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

मागच्या वेळी विकास आराखड्यावर हरकती-सूचनांची मुदत होती तेव्हा आम्ही गार्डनमध्ये संध्याकाळी बाकावर बसायचो, एकीकडे लाफ्टर क्लबवाले, एकीकडे आम्ही, फॉरमॅट झेरॉक्स करून आणलेला. कित्येक जणांनी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी ऑफिसला पत्र लिहिलं असेल. समोरच्या सोसायटीत घरकाम करणाऱ्या ताई आल्या, म्हणाल्या मला लिहिता येत नाही पण माझं पण लिहा, मी रोज करावेवरून चालत येते तेव्हा ते पक्षी बघत बघत येते. तेच लिहिलं आम्ही, त्यांच्याच शब्दांत, खाली त्यांची सही. मी सगळ्यांना एकच सांगत होते, आवक शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही. माझी पोच अजून प्लास्टिकच्या पिशवीत लायसन आणि रेशनकार्डाबरोबर ठेवलीय.

आणि यातून काही होत नाही असं नाही. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली, आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला फ्लेमिंगो संवर्धन राखीव म्हणून मंजुरी दिली. सुकलेला तलाव ज्यांनी बघितला होता ते त्या दिवशी एकमेकांना फोन करत होते, मी मामांना फोन केला तर ते म्हणाले, "कागुद झाला, चांगला झाला. आता पानी कोन बघतंय?" बरोबर आहे त्यांचं. एका तलावाला संरक्षण मिळालं म्हणून शेजारच्या दोन पाणथळी आपोआप वाचत नाहीत, पक्ष्यांना तिन्ही लागतात, उधाणाला तर सगळीकडे मिळून जागा पुरत नाही.

तर काका, रविवारी पौर्णिमा आहे. उधाणाची भरती, पावणेबाराची. मी साडेदहाला जेट्टीच्या रस्त्याला जिथून ट्रॅक सुरू होतो तिथे थांबते. टोपी घाला, पाण्याची बाटली आणा, आणि तुमच्या नातीला नक्की आणा, फक्त तिला सांगा की टाळ्या वाजवायच्या नाहीत. माझी दुर्बीण जुनी आहे, डावी काच थोडी धूसर आहे, पण आपण आळीपाळीने बघू.